पुण्यात अंगणात सावलीसाठी रेड मेपल लावता येईल का?

अंगण_पश्चिमेचं | १० जानेवारी, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

सहकारनगरात आमचं बैठं घर आहे. पश्चिमेला मोठा गुलमोहर होता, तो गेल्या वर्षी वळवाच्या पावसात मुळासकट आडवा झाला. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण तेव्हापासून दुपारी तीन वाजले की पुढच्या दोन्ही खोल्या तापायला लागतात. सासूबाईंची बसायची जागा ओसरीवर, त्यांना उन्हाळाभर तिथं बसता येत नाही.

त्या जागी नवीन झाड लावायचं आहे. माझी बहीण न्यू जर्सीला राहते, तिच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रेड मेपल आहेत. ऑक्टोबरमध्ये ती झाडं लालभडक झालेली पाहिली आणि तेव्हापासून दुसरं झाड डोळ्यांत भरतच नाही. उन्हाळ्यात सावलीही दाट पडते म्हणे.

तर हे झाड पुण्यात जगेल का? जगलं तर तसंच लाल होईल का? सावली धरायला किती वर्षं लागतील? मुळं घराच्या पायाला त्रास देतील का? भिंतीपासून कुंपणापर्यंत चाळीसएक फूट मोकळी जागा आहे. माती काळी, खाली मुरूम, पाणी बोअरचं.

हडपसरकर | १० जानेवारी, दुपारी १२:०५

ऑनलाइन रेड मेपलच्या बिया शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. मीही मागवायच्या विचारात आहे. वाचतोय.

कुंडीवाली_मावशी | १० जानेवारी, दुपारी १:४०

हडपसरकर, थांबा जरा, पैसे देऊ नका!

आमच्या शेजारणीनं एका ऑनलाइन दुकानातून रेड मेपल म्हणून रोप मागवलं होतं. पानं अगदी फोटोतल्यासारखी, गडद तांबडी, हाताच्या पंजासारखी कापलेली. पावसाळ्यात सरसर वाढलं. मग त्याला फूल आलं, ते जास्वंदासारखं! ती निघाली लाल पानांची जास्वंद, आपल्या अंबाडीची सख्खी बहीण. पानं चाखून पाहिली तर आंबट. शेजारणीनं डाळ घालून झकास भाजी केली आणि वाटीभर आमच्याकडेही पाठवली.

रोप घेताना एक खूण बघा. मेपलची पानं फांदीवर जोडीनं, समोरासमोर येतात. जास्वंदाची, अंबाडीची एकाआड एक. पानाचा आकार फसवतो, ही मांडणी फसवत नाही.

आणखी एक. विकणारे बहुतेक जण फोटो लावतात तो जपानी मेपलचा. ते लहान, नाजूक झाड, त्याच्या काही जाती वर्षभर लालसर असतात. अमेरिकेतला रेड मेपल निराळा. तो उन्हाळाभर हिरवा असतो आणि रंगतो फक्त पानगळीच्या आधी.

मुरूममाती | १० जानेवारी, रात्री ९:३०

मी कृषी पदवीधर आहे आणि काम फळझाडांचं, त्यामुळे हा प्रश्न आवडीचा. थोडं सविस्तर लिहितो.

रेड मेपल हे पूर्व उत्तर अमेरिकेचं झाड. वर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपासून खाली फ्लोरिडापर्यंत आढळतं. तिकडे ते ६० ते ९० फूट वाढतं. हिवाळ्याआधी सगळी पानं टाकून झोपतं, आणि पुरेसे दिवस कडक थंडी मिळाली की मगच डोळे (फांदीवरच्या कळ्या) नीट फुटतात. सफरचंदाला जसे थंडीचे तास लागतात तसंच हे. ती थंडी मिळाली नाही तर पालवी उशिरा येते आणि तुटक येते, म्हणजे एका फांदीवर पानं आणि दुसरी उघडी. पुण्यात थंडीची लाट आली तर रात्री पारा १० च्या खाली जातो खरा, पण दुपारी पुन्हा २८-३० असतो. झाडाच्या हिशेबात ही थंडी फारशी धरली जात नाही.

दुसरं म्हणजे माती. रेड मेपलला आम्लधर्मी जमीन लागते. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त, सामू (पीएच) सातच्या वर, म्हणजे आम्लाच्या उलट. त्यात बोअरचं जड पाणी. अशा जमिनीत मेपलला मँगनीज उचलता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं. गंधक आणि पालापाचोळ्याचं खत घालून कुंडीपुरतं सांभाळता येईल, पण अंगणातल्या मोठ्या झाडाची मुळं शेवटी त्या मुरमातच जाणार.

तिसरं, ताईंचा रंगाचा प्रश्न. तो लाल रंग पानात आधीपासून नसतो. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला घेतं, आणि ऊन स्वच्छ, रात्री गार अशी हवा मिळाली की पानात साखर साठून लाल रंगद्रव्य तयार होतं. न्यू जर्सीत सर्वांत मोठा दिवस पंधरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वानऊ तासांचा. पुण्यात हा फरक दोन-सव्वादोन तासांचाच. त्यात आपला ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर हीट. झाडाला निरोप कोण देणार की आता रंग घे म्हणून?

सातारी_सून | १० जानेवारी, रात्री ९:५२

मुरूममाती, किती छान समजावलंत! +१

एडिसनचा_मराठी | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

मुरूममातींचं बरंचसं पटलं, पण एका मुद्द्यावर हरकत आहे. रेड मेपल हे एकच एक झाड धरून चालत नाही. त्याचा टापू इतका लांब पसरलेला आहे की उत्तरेकडची झाडं आणि फ्लोरिडाची झाडं यांच्या गरजा निराळ्या आहेत. तिथं याचा अभ्यासही झालाय. उत्तरेकडच्या रोपांना थंडी मिळाली नाही तर ती अडून बसतात, दक्षिण फ्लोरिडातली तशी अडत नाहीत. दक्षिणेसाठी निवडलेल्या जातीही आहेत, उदाहरणार्थ 'समर रेड'.

आणि आपल्याकडे सफरचंदाचं काय झालं? हिमाचलच्या बिलासपूरमध्ये निवडलेलं हरिमन-९९ आता मैदानी भागातही फळ देतं. मग मेपल का नाही?

मुरूममाती | ११ जानेवारी, सकाळी १०:१०

हरकत मान्य, मुद्दा अगदी खरा आहे. फ्लोरिडाच्या वाणाला थंडीचा प्रश्न येणार नाही.

पण फ्लोरिडात ऊन आणि पाऊस एकाच मोसमात येतात. सर्वांत गरम महिने तेच सर्वांत ओले. तिथं हे झाड दलदलीच्या कडेला, पाण्यात पाय ठेवून उभं असतं. पुण्याचं नेमकं उलट आहे. आपले सर्वांत गरम महिने, एप्रिल-मे, तेच कोरडे. दुपारी पारा ४० च्या आसपास आणि हवा अशी की वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक. मेपलचं पान पातळ. मुळाशी पाणी असलं तरी पानातून जितकं उडतं तितकं वर चढत नाही आणि कडा करपतात. म्हणजे ताईंना सावली हवी आहे ज्या दोन महिन्यांत, त्याच दोन महिन्यांत या झाडाचे हाल.

सफरचंदाचं म्हणाल तर ते दहा-बारा फुटांवर छाटून, ठिबकवर, हवा तसा पानगळीचा ताण देऊन घेतात. सावलीच्या झाडाला दरवर्षी असं कोण करणार?

एडिसनचा_मराठी | ११ जानेवारी, सायंकाळी ६:४०

एप्रिल-मेचा मुद्दा बिनतोड. माझ्या डोक्यात सारखी थंडीच होती, कोरड्या उन्हाचा विचार केला नव्हता.

आता इकडचा अनुभव. आमच्या दारात रेड मेपल आहे आणि त्याची मुळं अगदी वरवर पसरतात. फुटपाथच्या फरशा उचलल्यात, भोवती हिरवळ टिकत नाही. दुसरं, बीपासून आलेलं प्रत्येक झाड लाल होतंच असं नाही, काही पिवळीच होतात. हमखास लाल हवं असेल तर 'ऑक्टोबर ग्लोरी', 'रेड सनसेट' अशा निवडक जातींची रोपं घ्यावी लागतात.

आणि कुणी बॅगेत घालून बिया किंवा रोप आणायच्या विचारात असेल तर कृपया आणू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयातीचा परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. नियम योग्यच आहे. मातीबरोबर कुठली कीड येईल सांगता येत नाही.

खादाड_पेठकर | ११ जानेवारी, रात्री ८:३०

अवांतर: त्या झाडातून मेपल सिरप निघेल का? घावनांवर घ्यायला बरं.

एडिसनचा_मराठी | ११ जानेवारी, रात्री ९:००

रेड मेपलमधूनही निघतो, पण मुख्य झाड शुगर मेपल. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर सिरप. रस चढायला रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब लागते. पुण्यात घावनांवर काकवीच घ्या पेठकर, ती काही कमी नाही.

सातारी_सून | ११ जानेवारी, रात्री ९:२०

कॅनडाच्या झेंड्यावर आहे ते हेच पान का?

कुंडीवाली_मावशी | ११ जानेवारी, रात्री ९:४५

झेंड्यावरचं अकरा टोकांचं पान हे ठरावीक साच्यात काढलेलं चित्र आहे, १५ फेब्रुवारी १९६५ पासून तो झेंडा आहे. जवळचं म्हणायचं तर शुगर मेपलचं. आणि काश्मीरचा चिनार तो मेपल नव्हे, पान सारखं दिसतं एवढंच. चिनाराची पानं एकाआड एक असतात, म्हणजे पुन्हा तीच खूण.

अजून एक अवांतर: रेड मेपलची सुकलेली पानं घोड्यांना विषारी असतात. कुणाकडे घोडा असेल तर लक्षात ठेवा!

टेकडीफिरस्ता | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आपण परदेशी झाडांचा सोस कधी सोडणार? वेताळ टेकडीवर जाऊन बघा, गिरिपुष्प आणि सुबाभूळ माजलंय. त्याखाली धड गवत उगवत नाही. ज्या जागी गुलमोहर उन्मळून पडला, तोही मादागास्करचाच, तिथं पुन्हा परदेशी झाड? पिंपळाच्या, उंबराच्या फळांवर किती पक्षी जगतात ते सकाळी तासभर उभं राहून पाहावं.

अंगण_पश्चिमेचं | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

टेकडीफिरस्ता, तुमची कळकळ समजते. पण घराला लागून पिंपळ किंवा उंबर लावला तर भिंतीला तडे जातील. आणि माझ्या अंगणातलं एक झाड म्हणजे टेकडीवरची लागवड नव्हे. देशी झाड लावायला माझी ना नाही, फक्त मला रंग हवाय. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर ज्याच्याकडे बघून घरातलं माणूस बाहेर येईल असं झाड हवंय. "देशी लावा" एवढंच म्हणून माझा प्रश्न सुटत नाही. नाव सांगा.

हडपसरकर | १२ जानेवारी, सकाळी ९:५०

ताईंचा मुद्दा बरोबर. नावं येऊ द्या.

मसुरीचा_पाहुणा | १२ जानेवारी, दुपारी २:१५

नोकरीनिमित्त देहरादूनला असतो. मेपल म्हटलं की सगळे अमेरिका-जपानकडे बघतात, पण हिमालयात आपले स्वतःचे मेपल आहेत. त्यातला एक, 'एसर ऑब्लाँगम', इकडे डोंगराच्या पायथ्याकडेही दिसतो. पान कापलेलं नसतं, साधं लांबट, पाठीमागून पांढुरकं. नवी पालवी तांबूस असते. बी मात्र मेपलचंच, दोन पंखांचं, भिरभिरत खाली येणारं. तो बराचसा सदाहरित आहे, त्यामुळे ऑक्टोबरचा लाल बहर नाही.

घाटमाथा | १२ जानेवारी, रात्री १०:३०

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण नावं मागितली आहेत. मी ज्या झाडांखाली उभा राहिलोय त्यांचंच सांगतो.

देशी बदाम. या दिवसांत त्याची मोठाली पानं शेंदरी-लाल होऊन गळतात. आत्ता बाहेर पडलात तर कुठल्याही जुन्या सोसायटीत दिसेल. भराभर वाढतो, फांद्या आडव्या मजल्यांसारख्या पसरतात, सावली उत्तम. त्रास दोन: पानं झाडून झाडून कंबर धरते, आणि फळांवर रात्री वटवाघळं येतात, सकाळी ओसरीवर चोथा.

ताम्हण, आपलं राज्यफूल. हिवाळ्यात पानं तांबूस होतात, एप्रिल-मेमध्ये जांभळा फुलोरा. आटोपशीर झाड, मुळांचा उपद्रव नाही. पण गळलेल्या पानांच्या जागी नवी यायला वेळ घेतं आणि मार्चमध्ये उघडं असतं. मूळ ओढ्याकाठचं, म्हणून पाणी लागतं.

आणि तिसरं, ज्यासाठी मी हा प्रतिसाद लिहायला बसलो, ते कोशिंब. ताई, तुम्हाला हवा तो लाल रंग सह्याद्रीत आहे, फक्त तो शिशिराच्या शेवटी येतो. फेब्रुवारी संपता संपता मुळशीकडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागा. सगळं रान करडं पडलेलं असतं आणि मधेच एखादं झाड नखशिखांत लाल दिसतं. फूल नव्हे, पालवी. ती कोवळी पानं उन्हाकडे तोंड करून बघितली तर पलीकडचा उजेड लाल होऊन येतो. काही दिवसांत ती तांबूस होतात, मग पोपटी, आणि एप्रिल उजाडेपर्यंत झाड गच्च हिरवं. म्हणजे रंगही मिळाला, आणि ऊन चढायच्या आत सावली तयार! मेपल रंग देऊन पानं टाकतो, कोशिंब रंगानंच पानं सुरू करतो. पुण्याच्या उन्हाळ्याला हाच क्रम सोयीचा.

याच्यावर उत्तम प्रतीची लाख होते, बियांचं तेल निघतं, फळाचा आंबट गर पोरं खातात. मुरमाड जमीन चालते.

दोष लपवत नाही: फार सावकाश वाढतं, आणि शेवटी मोठं होतं.

टेकडीफिरस्ता | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

घाटमाथा, मनापासून धन्यवाद. मी नाव न देता नुसता रागावलो होतो, तुम्ही काम केलंत. कोशिंबाला माझंही मत. पक्ष्यांनाही भरपूर मिळतं.

चिपळूणची_आजी | १३ जानेवारी, दुपारी १२:३०

आमच्या परड्यात दोन कोशिंबं आहेत, माझ्या सासऱ्यांच्या वेळची. खालचा गारवा पंख्याला मागे सारतो. फळं पिकली की मीठ लावून खायची. तेल आम्ही पूर्वी अंगाला, डोक्याला लावायचो. पण बाळ, हे झाड नातवंडांसाठी लावायचं. तुझ्या सासूबाईंना सावली आत्ता हवी आहे, त्याचं काय करशील?

मुरूममाती | १३ जानेवारी, दुपारी ३:००

आजींनी नेमकं बोट ठेवलं. यावर एक मार्ग आहे. मुख्य झाड कोशिंब, आणि ओसरीपुढे लोखंडी मांडव करून त्यावर मधुमालती. ती दोन पावसाळ्यांत मांडव झाकते. किंवा तात्पुरता शेवगा. वर्षभरात डोक्यावर जातो, शेंगा देतो, आणि कोशिंब वर आलं की काढून टाकता येतो. फक्त त्याची फांदी ठिसूळ, ओसरीवर झुकू देऊ नका.

वकीलसाहेब_कोथरूड | १३ जानेवारी, सायंकाळी ७:२०

एक सूचना. मोठं झाड लावताना जागा विचार करूनच निवडा. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शेवगा लावून पुढे काढायचा असेल तर त्या वेळी नियम विचारून घ्या. मला मांडवाचा पर्याय जास्त बरा वाटतो.

कुंडीवाली_मावशी | १३ जानेवारी, रात्री ८:४०

आणि ताई, मेपलची हौस अगदीच सुटत नसेल तर ट्रायडेंट मेपल कुंडीत करून बघा. बोन्सायवाले वापरतात, जपानी मेपलपेक्षा उष्णता जास्त सोसतो. दुपारच्या उन्हातून आडोशाला ठेवायचा आणि बोअरऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी द्यायचं. सावली नाही मिळणार, पण पान तर दिसेल.

अंगण_पश्चिमेचं | ९ मार्च, रात्री ९:१५

मंडळी, धागा वर काढतेय.

परवा घरचे सगळे ताम्हिणीला जाऊन आलो, सासूबाईंनाही नेलं होतं. घाटमाथा, तुम्ही लिहिलंत त्याहून जास्त लाल! सासूबाई गाडीतून उतरून झाडाखाली गेल्या आणि म्हणाल्या, हेच लाव, मला मांडव पुरे. तर ठरलं: ओसरीपुढे मांडव आणि मधुमालती, अंगणात कोशिंब. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत कंबरेएवढं रोप बघून ठेवलंय.

आता शेवटचा प्रश्न. भिंतीपासून किती लांब आणि नेमकं कुठल्या दिशेला लावू? पश्चिमेला अगदी मधोमध?

मुरूममाती | ९ मार्च, रात्री १०:४०

फार आनंद झाला ताई!

मधोमध नको. मे महिन्यात पुण्यात सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो. दुपारी साडेचारच्या सुमारासच तो पश्चिमेपासून बाराएक अंश उत्तरेला सरकलेला असतो. म्हणून रोप ओसरीच्या समोरच्या रेषेपासून थोडं वायव्येला सरकवा. भिंतीपासून २५ फूट धरा, म्हणजे तुमच्या चाळीस फुटांत कुंपणाकडेही १५ फूट राहतील. झाड २० फुटांचं झालं की मे महिन्यात तीन वाजता त्याची सावली १४ फूट पडेल, चार वाजता २३ आणि साडेचारला ३० फूट. म्हणजे चारनंतर ओसरी सावलीत. तीन ते चारचं ऊन मांडवावर सोडा.

खड्डा एप्रिलमध्येच घ्या, तीन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि महिनाभर उन्हात तापू द्या. गुलमोहराचं जुनं खोड आणि मुळं राहिली असतील तर ती आधी काढा, नाहीतर वाळवी तिथूनच येईल. निघालेला चांगला मुरूम आणि माती यांत शेणखत मिसळून भरा, नुसतं खत भरू नका. रोप जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन. बोअरचं पाणी कोशिंबाला चालेल.

हडपसरकर | १० मार्च, सकाळी ८:००

त्या नर्सरीत आणखी एक रोप असेल तर माझ्यासाठी सांगून ठेवाल का? शनिवारी येऊन घेऊन जातो.